गोड्या विहिरीचा तांडेल

वरोरच्या नारू तांडेलाला थोडं म्हणून काही जमत नसे. आमटीत मीठ टाक म्हटलं तर मूठभर, पाहुण्याला रहा म्हटलं तर महिनाभर, आणि हसायला लागला तर बाजूच्याने पाठीत धपाटे घातल्याशिवाय त्याचा श्वास परत येत नसे. समुद्रावर हे खपून जायचं. समुद्राला तरी थोडं कुठे कळतं.

तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख, आणि नारू उधाणाचा माणूस. अमावास्या-पुनवेला उधाण येतं, पाणी ढीगभर चढतं आणि ढीगभरच उतरतं, त्या ओढीत डोल जाळं तट्ट फुगतं आणि बोंबील टोपल्यांनी येतो. अष्टमीच्या आसपास भांग लागतो. भांगाचं पाणी धड वरही जात नाही आणि धड खालीही येत नाही. जाळं ओल्या लुगड्यासारखं लोंबतं आणि होड्या वाळूत कुशीवर पडून राहतात. त्या दिवसांत नारू कावलेल्या बोक्यासारखा घरात फिरायचा. "हा समुद्र हाय का डबका?" असं दहादा विचारायचा, आणि त्याची बायको अंबूबाई त्याला सुक्या बोंबलांवरचे कावळे हाकायला पिटाळायची.

बावन्नाव्या वर्षी गुडघ्यावर नांगर पडला. गुडघा वाकायचा बंद झाला, होडी मुलांकडे गेली. मुलं होडीवर त्याचं ऐकेनात, तेव्हा नारू गोड्या विहिरीच्या कठड्यावर येऊन बसला.

वरोरात विहिरी पुष्कळ, पण समुद्र इतका जवळ की बहुतेकींचं पाणी मचूळ. गोडी अशी ही एकच. तोंड एवढं रुंद की सहा बायका सहा बाजूंनी एकदम कळशी सोडत आणि सहा घरांच्या भानगडी एकदम वर काढत. नारूनं त्या विहिरीचा ताबा घेतला. कोणी दिला नव्हता, त्यानं घेतला. दोर आधी कोणाचा, पाय कोणी कुठे धुवायचे, कठड्याला कळशी कोणी आपटली, सगळ्यावर त्याचा हुकूम. बायका हुकूम ऐकल्याचं नाटक करत आणि त्याला तेवढं पुरे होतं. त्यांनीच त्याचं नाव पाडलं, गोड्या विहिरीचा तांडेल. चिडवायला पाडलं होतं, तो ते नाव छाती काढून मिरवायचा.

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात हिवताप खात्याचे तपासनीस आले. अमृतभाई त्यांचं नाव, मूळचे उंबरगावकडचे. सायकलीच्या दांड्याला एक लांब काठीची पळी बांधलेली. ही पळी विहिरीत बुडवायची, पाणी पांढऱ्या बशीत ओतायचं आणि त्यातली डासांची पिल्लं मोजायची. आमच्याकडे त्यांना वळवळे म्हणतात, कारण ते दुसरं काहीच करत नाहीत. दहा पळ्यांत त्रेचाळीस वळवळे निघाले.

"तांडेल, आ शुं?" अमृतभाई म्हणाले. "तुमी पाणी देता का डास पाळता?"

"पाळत नाय सायेब, आपले आपण राह्यलेत."

अमृतभाईंनी कायदा सांगितला. दर महिन्याला ते येणार. दहा पळ्यांत पाचाच्या आत वळवळे निघाले पाहिजेत, आणि असं लागोपाठ तीन महिने झालं पाहिजे. मुदत वैशाखापर्यंत. नाहीतर विहिरीच्या तोंडावर दगडी फरशी बसणार आणि फरशीवर हापसा.

हे ऐकून बायकांच्या कळश्या हातात राहिल्या. वरच्या एका पाड्यावर असाच हापसा बसला होता. महिन्यात त्याचा दांडा निखळला आणि तिथल्या बायका आता दीड कोस लांब ओढ्यावर जात होत्या. शेजारची तानी म्हणाली, "आणि एकापाठी एक उभं राह्यचं? म्हंजे पुढचीची नुसती पाठ बघायची. बोलायचं कोनाशी?" नारूची अडचण वेगळी होती. होडी गेली होती, आता विहीर झाकली तर हुकूम सोडायला त्याच्यापाशी फक्त अंबूबाई उरत होती, आणि ती तर नाटकालाही तयार नसायची.

अमृतभाईंनी पिशवीतून काचेची बरणी काढली. आत वीस गप्पी मासे होते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. "वळवळा हेच यांचं जेवण. सोडा आणि विसरून जा. ते विसरायचं तेवढं लक्षात ठेवा."

नारूनं बरणी डोळ्यांसमोर धरली. पंचवीस वर्षं ज्यानं टोपल्यांनी मासा ओतला, त्याला वीस मासे, आणि तेही असले. एवढे तर पूर्वी त्याच्या लंगोटाच्या घडीत अडकून घरी यायचे. बरणी त्यानं विहिरीत ओतली आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं डहाणू गाठलं. तिथल्या एका चिकूवाडीच्या हौदात गप्पी मायंदाळ होते. वाडीवाल्या अण्णांनी ने म्हणून सांगितलं, नारूनं किती म्हणून विचारलं नाही. दोन हंडे भरून पाचएकशे गप्पी त्यानं डोक्याखांद्यावरून आणले आणि जाळं ओतावं तसे विहिरीत ओतले.

मार्गशीर्षात अमृतभाईंनी दहा पळ्या काढल्या. बशीत एकही वळवळा नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नारूनं आनंदाच्या भरात त्यांच्या पाठीत अशी थाप मारली की खिशातली पेन्सिल विहिरीत गेली.

"एक झाला," नारू आळीभर सांगत सुटला. "दोन उरले. ते काय, असे येतील."

पण विहिरीत गप्पी मावेनात. कळशी सोडली की चार-सहा वर येत. अंबूबाईच्या तांदळाच्या आधणात एक निघाला. तानीचा जावई आला होता, त्याच्या तांब्यात दोन पोहत होते. तानी तांब्या घेऊनच विहिरीवर आली. "नारूकाका, जावई इचारते, तुमच्यात मासा पान्याबरोबर देतात का भाताबरोबर?"

बायका हसल्या. नारूही हसला, पण त्याला ते लागलं. त्यानं घरून बारीक विणीचं जाळं आणलं. थोडे काढायचे एवढंच मनात होतं. पण जाळं पाण्यात गेलं आणि हाताला ओढ लागली की या माणसाला थांबणं ठाऊकच नव्हतं. सकाळी बसला तो उन्हं कलेपर्यंत उपसत राहिला, तोंडानं जाळं ओढायची आरोळी देत. आळीतली बदकं त्या दिवशी इतकी जेवली की चालेनात.

पौषात अमृतभाई आले. दहा पळ्या, एकावन्न वळवळे.

नारूचं तोंड उतरलं. अमृतभाई कठड्यावर बसले, फॉर्मची पाठ वर केली आणि नव्या पेन्सिलीनं एक लाट काढली. तिच्या मागोमाग, थोडी उशिरा, दुसरी लाट.

"ही पहिली वळवळ्यांची," ते म्हणाले. "वळवळे वाढले की खाणं वाढलं, म्हणून गप्पी वाढतात. पण लगेच नाय, मागून. गप्पी वाढले की वळवळे संपतात. मग खाणं संपलं, म्हणून गप्पी घटतात, तेही मागून. ते घटले की वळवळे पुन्हा वर. हे असं आपलं आपण चालतं. तुमी मधे हात घातला, त्यानं लाट मोडली नाय, उंच झाली."

नारूनं कागद हातात घेतला, आडवा केला, उभा केला. "सायेब, हे तर उधान हाय. भरती-ओहोटी."

"बस. बराबर. आणि मला पाहिजे भांग. पाणी हलू दे, पण वीतभर."

"मना भांग पाह्यजे," नारू घरी येऊन म्हणाला. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या तोच आता पाहिजे, हे त्याला पचेना.

अंबूबाई बोंबील उलटत होती. तिनं मान वर केली नाही. "नवा पोरगा सुकानूवर बसला का तुमी काय म्हनायचे?"

नारूला आठवलं. होडी जरा डावीकडे गेली की नवा पोरगा सुकाणू पार उजवीकडे दाबतो, होडी वळायला वेळ घेते, तोवर तो दाबतच राहतो, मग होडी भलतीच उजवीकडे. मग परत डावीकडे. असल्या पोरांच्या टाळक्यात नारू वल्ह्याचा दांडा घालायचा आणि ओरडायचा, होडी वळायच्या आधी हात सोड रे, आधी सोड.

"मंग?" अंबूबाई म्हणाली. "दांडा आनू का?"

नारूनं रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला उपाय सुचला. उपाय सुचला की तो आळीला धडकी भरवायचा. आपला हात जड, हे त्याला पटलं होतं. तर हलक्या हाताचं कोणीतरी विहिरीतच ठेवावं, म्हणजे गप्पी जास्त झाले की तेच परस्पर कमी करील. त्यानं पुन्हा गप्पी आणले, या वेळी फक्त चाळीस, आणि त्या मोजणीचा त्याला फार अभिमान वाटला. मग सुक्या बोंबलांची जुडी काखेत मारून तो तलासरीकडे, वेवजीला निघाला.

वेवजीचा शुक्रा अंबूबाईचं जुनं गिऱ्हाईक. बाजारात तो भात द्यायचा, ती सुके बोंबील द्यायची. खाऱ्या पाण्यातलं वरोरकरांना ठाऊक, गोड्या पाण्यातलं शुक्राला. त्यानं ओढ्याच्या चिखलातून हातभर मरळ काढून दिली, काळी, चपट्या डोक्याची.

"ही गप्पी खाईल ना?" नारूनं विचारलं.

"खाईल."

"थोडे खाईल ना? जास्तीचे तेवढे?"

शुक्रानं हाताचा चिखल पुसला. "बायको तुजी सांगलेलं ऐकते?"

"नाय."

"मंग मरळ कशी ऐकंल?"

ओल्या गोणपाटात गुंडाळून मरळ एस.टी.त चढली. मरळ पाण्याबाहेरही तासन्तास जगते, हे नारूला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं मेली, म्हणून त्यानं गोणपाट सैल केलं. मरळ उसळून बाकाखाली गेली. एका बाकावरच्या बाईनं पाय वर घेतले, मग सगळ्या एस.टी.नं पाय वर घेतले. कोंबड्यांच्या टोपलीवर मरळ आपटली, कोंबड्या सुटल्या, ड्रायव्हरनं गाडी थांबवली. न वाकणारा गुडघा लांब पसरून नारू बाकांच्या मधे आडवा झाला आणि त्यानं मरळीला मिठी मारली.

"हिचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"अर्धं फाड. उभ्यानं आली कुठे?"

मरळ विहिरीत गेली आणि महिनाभरात तिनं चाळीसच्या चाळीस गप्पी दिसेनासे केले. माघात अमृतभाईंच्या बशीत अडतीस वळवळे निघाले. त्यांनी या वेळी नुसता फॉर्म पुढे केला. फाल्गुन, चैत्र, वैशाख, असे तीनच महिने उरले होते आणि तीनही साधायचे होते. एक चुकला की संपलं.

चार दिवसांनी बैलगाडीतून फरशी आली. मधोमध हापशासाठी भोक पाडलेली जाडजूड दगडी फरशी. गाडीवाल्यानं ती विहिरीशेजारी उतरवली, आणि संध्याकाळपर्यंत तानीनं तिच्यावर लुगडी वाळत घातली.

नारूनं आता मरळ काढायचं मनावर घेतलं. गळ टाकला, जाळं टाकलं, शिव्या टाकल्या. मरळ दगडांच्या कपारीत बसे आणि नारू दमून उठला की वर येऊन शांतपणे एक बुडबुडा सोडे. पंचवीस वर्षं समुद्र उपसलेल्या माणसाला एका विहिरीतली एक मरळ निघेना. बायका आता पाण्याला कमी आणि हे बघायला जास्त येऊ लागल्या.

"काका, ती जाऊ द्या," तानी म्हणाली. "माजी कळशी तरी काढा. दिवाळीत दोर तुटून पडलीय. फरशी बसली का ती गेलीच कायमची."

विहिरीत पडलेलं भांडं काढायला लोखंडी आकड्यांचा झुबका असतो. नारूनं तो दोराला बांधून सोडला, तळ चाचपला, आणि तानीची कळशी वर आली, चिखलानं माखलेली, अरुंद तोंडाची. तानीनं ती दगडावर उपडी केली. पाण्याबरोबर अकरा गप्पी बाहेर पडले. गुबगुबीत. त्यातल्या तिघींची पोटं टम्म.

नारूनं झटकन ते ओंजळीनं बादलीत भरले. मग तो कळशी हातात घेऊन बसला. तिच्या तोंडात त्यानं मूठ घातली, ती जेमतेम गेली. मग विहिरीकडे बघितलं. मरळीचं डोकं त्याच्या मुठीपेक्षा मोठं होतं.

"गो तानी," तो म्हणाला, "तुजी कळशी नाय ही. हे त्यांचं घर हाय."

"घर बिर नाय, मना द्या ती."

कळशी तिनं नेली, पण नारूला जे कळायचं ते कळलं होतं. पंचवीस वर्षं तो जाळी विणत आला होता, कोणता मासा कोणत्या भोकातून जातो यावर त्याचं पोट चाललं होतं, आणि विहिरीवर येताना ती सगळी अक्कल तो घरी ठेवून आला होता. त्यानं माळ्यावरून जुन्या डोल जाळ्याचा तुकडा काढला. विहिरीच्या एका कोपऱ्यात तो कठड्यापासून तळापर्यंत सोडला, खाली दगड बांधले, दोन्ही कडा कपारीत ठोकल्या. जाळ्याच्या आत एक खोली झाली. भोकं अशी की गप्पी आरपार जाईल आणि मरळीचं नाक अडकेल.

"आतून बाहेर येतील, वळवळे खातील," त्यानं अंबूबाईला समजावलं. "जास्त झाले का बाहेर राहतील, बाहेरच्याला मरळ खाईल. कमी झाले का सगळे आत, आत ती जात नाय. म्हंजे कधी मायंदाळ नाय, कधी संपत नाय."

अंबूबाईनं जाळं बघितलं, नवऱ्याला बघितलं. "आता हे झालं. आता तुमी काय करनार?"

"काय नाय."

"तेच इचारते. जमंल?"

नाही जमत होतं. अकरा गप्पी आत सोडून नारू फरशीवर बसला आणि त्याचे हात चुळबुळू लागले. चौथ्या दिवशी वळवळे वाढलेले दिसले, आणि तो डहाणूला आणखी गप्पी आणायला निघालाच होता. अंबूबाईनं एस.टी.च्या थांब्यावरून त्याला परत आणला. तिनं त्याच्यापुढे फाटक्या जाळ्यांचा ढीग टाकला. तो शिवून संपला, तेव्हा तिनं चांगलं जाळं स्वतः फाडून दिलं. नारूनं एक पळी बनवली आणि रोज सकाळी दहा पळ्या मोजून कोळशानं फरशीवर खूण करू लागला. वळवळे जास्त तर खूण वर, कमी तर खाली. पहिल्या आठवड्यात खुणा फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या उड्या हातभर झाल्या. गप्पिणी व्यायल्या, पिल्लं जाळ्याआड झाली, मरळीनं बाहेर भटकणाऱ्यांचा समाचार घेतला. तिसऱ्या आठवड्यात कोळशाची रेघ वितीएवढी वरखाली होऊ लागली. ती कधी सरळ झाली नाही, पण भडकलीही नाही.

बायकांनी त्या फरशीवर लुगडी वाळत घालणं बंद केलं. तानी रोज सकाळी विचारायची, "काका, आज उधान का भांग?" आणि नारू पळी टेकवून ऐटीत सांगायचा, "भांग."

फाल्गुनात अमृतभाईंना चार वळवळे मिळाले. चैत्रात तीन. त्यांनी जाळं बघितलं, कोळशाची रेघ बघितली, आणि ती आपल्या फॉर्मच्या पाठीवर जशीच्या तशी उतरवून घेतली.

वैशाखात पाणी खाली गेलं होतं, पळीची काठी पुरेना, म्हणून तिला दुसरी काठी बांधली. फेरीचा दिवस आख्ख्या आळीला पाठ होता. सहाही जागी बायका उभ्या, हातात कळश्या, पण दोर कोणी सोडेना. अमृतभाई पळी काढत होते, बशीत ओतत होते, मोठ्यानं मोजत होते. पाच पळ्यांत दोन. सात पळ्यांत तीन. नवव्या पळीला चौथा वळवळा आला.

दहावी पळी बशीत ओतली. त्यात एक वळवळा होता. पाचवा. आणि त्याच्याबरोबर एक गप्पी होता.

बायका बशीवर वाकल्या. अमृतभाईंनी पेन्सिल उचलली. वळवळा बशीच्या कडेला जाऊन वळवळू लागला, दुसरं काही त्याला येत नव्हतंच. गप्पीनं बशीत एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वळवळा गिळला.

अमृतभाई बशीकडे बघत राहिले. पेन्सिल हवेत.

"सायेब," नारू म्हणाला, "मोजा."

अमृतभाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. वाकून बशी पुन्हा नीट बघितली. "बशीत जे हाय ते मोजायचं, असा नियम हाय. माशाच्या पोटात काय हाय, त्याला माझ्या फॉर्मवर जागा नाय." आणि त्यांनी लिहिलं, चार.

नारूचा हात वर गेला. अमृतभाईंनी झटकन पेन्सिल दुसऱ्या खिशात टाकली आणि पाठ आखडून धरली. पण हात अर्ध्यावर थांबला, हलकेच खाली आला आणि त्यानं साहेबांच्या खांद्यावर दोन बोटांनी टिचकी मारल्यासारखं केलं. एवढंच.

अंबूबाईनं डोक्यावरची टोपली सावरली. "बाय गो," ती म्हणाली, "मानसाला भांग लागला."

ते ऐकून नारू हसायला लागला. आधी नुसता खांदा हलला, मग पोट, मग तो फरशीवर आडवा झाला, कोळशाची रेघ सगळी पाठीला लागली, आणि त्याचा श्वास जो गेला तो परत येईना. तेव्हा सहाही बायकांनी कळश्या खाली ठेवल्या, त्याला उठवून बसवलं आणि पाठीत धपाटे घालायला लागल्या. चार-पाच वर्षं त्याचे हुकूम ऐकून घेतले होते, हातात जोर बराच साठला होता. श्वास परत आल्यावरही त्यांनी बराच वेळ थांबायचं नाव घेतलं नाही.